पँगाँगच्या वाटेवरून परत फिरलो तो दिवस

लडाखच्या टूरवर मॅनेजर म्हणून जातो मी. जूनमधली गोष्ट, 14 जणांचा ग्रुप, 3 इनोव्हा, पँगाँग लेकला सकाळी जाऊन रात्रीपर्यंत परत यायचं म्हणजे तीनशेएक किमी होतात, त्यामुळे सहालाच लेह सोडलं. लेहमध्ये आधी दोन दिवस, उंचीची सवय व्हावी म्हणून, सगळ्यांना नुसता आराम करायला लावला होता, त्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

शक्ती गाव मागे टाकून घाट बराच चढलो आणि मागच्या गाडीने डिपर दिला. साताऱ्याकडच्या एक काकू, साठीच्या, उलटी झालेली. म्हणे सकाळचं खाणं बाधलं. डोकं दुखतंय का विचारलं तर नाही नाही. शेजारी त्यांच्या धाकट्या जाऊबाई, त्या हळूच म्हणाल्या अहो काल रात्रीपासून दुखतंय, तुम्ही हॉटेलवरच ठेवाल म्हणून सांगू नको म्हणाली. ऑक्सिमीटर लावला, 64. सकाळी 86 होता. मग रस्त्याकडेला टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं तर तिसऱ्याच पावलाला तोल गेला, मी धरलं म्हणून पडल्या नाहीत.

तिथेच माझं ठरलं.

हे नीट सांगतो कारण स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. लेह साडेअकरा हजार फुटांवर, लेक साधारण 14 हजारांवर, वाटतं एवढं काय त्यात. पण मधे चांग ला आहे, ला म्हणजे खिंड, साडेसतरा हजार फुटांच्याही वर. म्हणजे लेकवर पोचून त्रास वाढला तर त्या माणसाला खाली आणण्यासाठी आधी परत खिंडीवर चढवावं लागतं, आणि उंचीमुळे होणाऱ्या या आजारावर खरा उपाय एकच, खाली उतरणं, ऑक्सिजन आणि गोळ्या तोवर निभावून न्यायला. त्यात दुपारी बर्फ वितळून पागल नाल्याला पाणी वाढलं की गाड्या अडकतात ते वेगळंच. त्यामुळे काय ते खिंडीच्या अलीकडेच ठरवायचं.

काकू रडायलाच लागल्या. भिशीचे तीन वर्षांचे पैसे होते ते. "बाळा, दहा मिनिटं बघते रे, गाडीतनं उतरणार पण नाही." फार वाईट वाटलं, पण नाही म्हणालो. जाऊबाई थांबत होत्या तर त्यांना म्हणाल्या, तू जा गं, दोघींचे पैसे कशाला वाया.

ग्रुप सगळ्यात जुन्या लडाखी ड्रायव्हरच्या भरवशावर पुढे पाठवला आणि मी काकूंना ऑक्सिजन लावून खाली निघालो. कारूला सिंधू दिसेपर्यंत त्यांचा चेहरा बदलला होता, पाणी मागितलं. लेहच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूला सूज यायची सुरुवात होती, रात्रभर ठेवून घेतलं.

रात्री जाऊबाई तशाच धुळीच्या कपड्यांनी हॉस्पिटलमध्ये आल्या. काकूंनी मोबाईल घेतला, एकेक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघत होत्या, मग मास्क बाजूला करून विचारलं, "पाणी चाखलंस का गं?"

"चाखलं अक्का. खारट आहे."

"आपल्या जुन्या बोरसारखं?"

"त्याच्याहून जास्त."

"बरं," म्हणाल्या, आणि मास्क लावून पुढचा फोटो उघडला.