तुम्ही विचारलंत म्हणून: आयरिस चँगचं काय झालं

नौपाड्यात, चाळीसेक खुर्च्यांसमोर मी अमेरिकन लेखिका आयरिस चँगवर बोलले, तेव्हापासून तलावपाळीवर फिरताना कोणी ना कोणी गाठतंच. "ताई, नानकिंगच्या त्या पुस्तकानंच तिचा जीव घेतला ना?"

तुम्हाला काय बोलू? मीच तसं सांगून ठेवलंय. १९३७च्या डिसेंबरात चीनमधल्या नानकिंग शहरात जपानी सैन्यानं केलेल्या कत्तली, बलात्कार. वाचलेल्या म्हाताऱ्यांकडून ते ऐकून तिनं १९९७ साली काढलेलं पुस्तक. आणि २००४च्या नोव्हेंबरात, ३६व्या वर्षी, आत्महत्या. ओळीत मांडलं की झालं. शेवटचं वाक्य तर मी घरी घोकून गेले होते: "६७ वर्षांनी नानकिंगनं आणखी एक बळी घेतला." टाळ्या पडल्या. आवडल्याही.

खुर्च्या आवरताना एक बाई थांबल्या. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. जुडीचा दोरा बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या. "माझ्या भावानं हेच केलं. कळव्याला राहायचा. त्यानं काही लिहिलं नव्हतं हो, हिशेब लिहायचा दुकानात." परत दोरा. "हिला निदान कारण मिळालं. तुम्ही दिलंत." मी काहीतरी पुटपुटले. "नाही नाही, बोललात छान," म्हणाल्या आणि रिक्षाच्या रांगेकडे गेल्या. नावसुद्धा विचारलं नाही मी.

मग आधी वाचायला हवं होतं ते वाचलं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी फिलिपिन्समधल्या बटानला युद्धकैद्यांना सक्तीनं चालवत नेलं, त्यातून वाचलेल्या अमेरिकन सैनिकांवर काम चालू असताना, २००४च्याच ऑगस्टमध्ये आयरिस कोसळली होती, इस्पितळात ठेवावं लागलं होतं. घरी दोन वर्षांचा मुलगा. तिच्या आईनं पुढे लिहिलं, त्यात पुस्तकाला दोष नाही, रोख तिला दिलेल्या औषधांवर. आईचं तरी अखेरचं मानावं का? माहीत नाही, पण माझ्या टाळीच्या वाक्यापेक्षा ते बरं.

म्हणजे त्या लिहिण्याचं तिला काहीच झालं नाही? तसंही नाही. लिहिताना तिचे केस गळत होते, वजन उतरत होतं. हे मला झटकता येत नाही.

पण जॉन राबेबद्दल कोणीच कसं विचारत नाही? नाझी पक्षाचा माणूस, सीमेन्स या जर्मन कंपनीचा, आणि कत्तलीच्या वेळी नानकिंगमध्ये २ लाखांच्या आसपास लोकांना आसरा मिळालेल्या सुरक्षित पट्ट्याचा प्रमुख. त्याच्या नातीपर्यंत पोहोचून आयरिसनं त्याची डायरी उजेडात आणवली. तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती.

गेल्या वर्षी ऐरोलीला तेच भाषण केलं, ते वाक्य गाळून. टाळ्या जेमतेम. पहिला प्रश्न तुमचाच आला, आणि जिभेवर तेच वाक्य. गिळलं खरं, पण दुसरं काही सुचलंही नाही.