आमच्या तालुक्याचा निरंक अहवाल

वेठबिगारांच्या सर्वेक्षणाचे पत्र वरून आले की तलाठ्यांकडून तक्ते मागवायचे, ते एकत्र करायचे आणि 'निरंक', म्हणजे एकही वेठबिगार नाही, असा शेरा लिहून अहवाल पुढे पाठवायचा, हे काम मी रायगड जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात सलग सहा वर्षे केले.

शिमगा चार दिवसांवर आला असताना तक्रार आली, की खाडीकाठच्या वीटभट्टीवरच्या एका कातकरी कुटुंबाला सणालाही घरी सोडत नाहीत. प्रांतसाहेब, पोलीस आणि कामगार खात्याचे अधिकारी यांच्याबरोबर जबाब लिहून घेण्यासाठी मी गेले. पथकातल्या एकाने मालकाच्या देखतच विचारले, "तुम्हाला कोणी कोंडून ठेवलंय का?" नवऱ्याने मान हलवून नाही म्हटले, आणि तेवढ्यावर पंचनामा आटोपण्याची घाई सुरू झाली. त्या प्रश्नाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. १९७६च्या कायद्याला वेठबिगारी ठरवण्यासाठी कुलूप लागत नाही. कर्जापायी काम सोडून दुसरीकडे जाता येत नसेल, तर तेवढे पुरते.

प्रांतसाहेबांनी मालकाला लांब नेले. मग मी त्या बाईंजवळ बसून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, किती घेतली, हिशेब कोण लिहितो, मध्येच दुसऱ्या भट्टीवर गेलात तर काय होईल, असे एकेक विचारत गेले. शेवटच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "पैसं फिटलं नाय तर जायाचं कसं, ताई?" त्यांची नऊ वर्षांची मुलगी समोर कच्च्या विटा वाळण्यासाठी उभ्या करत होती.

मालकाची वही मी पानन् पान पाहिली. आठवड्याची खर्ची, दवाखान्याचे पैसे, अवकाळी पावसात विरघळलेल्या विटांची वजावट, सारे तारखेनिशी होते. थापलेल्या विटांचा रकाना मात्र जानेवारीपासून कोरा होता, आणि गणपतीनंतर घेतलेली वीस हजारांची उचल सत्तावीस हजार झाली होती. हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार कायद्याच्या कलम १५ने धनकोवर टाकला आहे. ती वही जप्त करवून घेतली, याचे मला समाधान आहे.

दुसऱ्या दिवशी मुक्तता प्रमाणपत्रे मिळाली आणि उचल कायद्यानेच संपली. त्यांना भट्टीवर आणणाऱ्या मुकादमावर मानवी तस्करीचे कलम लावताना मात्र पोलिसांनी, ही माणसे आपल्या पायांनी आली, असे म्हणून बराच वेळ घालवला. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ३७० असो की १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेचे १४३, पीडिताची संमती त्यात विचारात घेतलीच जात नाही. तातडीची मदत ३०,००० रुपयांपर्यंत मिळते, परंतु पुनर्वसनाची पूर्ण रक्कम न्यायालयाच्या निकालाशी जोडलेली आहे. गाडीत बसताना त्या बाईंनी विचारले, "पावसाळ्यात आम्हाला उचल कोन देनार?" मला उत्तर देता आले नाही.

हे कुटुंब त्याच भट्टीवर तिसऱ्या हंगामाला आले होते. मी मागचे दोन्ही तक्ते काढून पाहिले. त्या गावापुढे माझ्याच अक्षरात 'निरंक' आहे. यंदा तक्त्यासोबत भट्टीवर विचारायच्या पाच प्रश्नांचा कागद जोडून तलाठ्यांना पाठवला आहे. आतापर्यंत दोन गावांचे कागद भरून आले आहेत, आणि त्यातल्या एकावर तीन कुटुंबांची नावे आहेत.