केसपेपरचं चित्र निघत नाही तेव्हा

रुग्णालयाच्या ओपीडीसाठी चित्रखुणांचा संच करताना पहिले काही दिवस यादी छाटण्यातच गेले. स्वच्छतागृह, लिफ्ट, जिना, व्हीलचेअर यांची चिन्हं आयती मिळतात. अमेरिकेच्या परिवहन खात्यासाठी एआयजीए या तिथल्या ग्राफिक डिझायनरांच्या संस्थेने १९७४ साली केलेली ३४ चिन्हं (१९७९ मध्ये ती ५० झाली) कुणालाही विनामूल्य वापरता येतात. ती नव्याने काढायच्या भानगडीत पडू नये.

घाम काढतो तो केसपेपर. खिडकी, माणूस आणि कागद काढला, तर लोक तिकीट, बँक, औषधवाटप यांपैकी काहीही सांगतात. चूक त्यांची नसते, चित्रात तेवढंच असतं. तीन आराखडे फेकल्यावर आम्ही चित्राचा हट्ट सोडला आणि मोठ्या अक्षरांत ‘केसपेपर’ लिहून शेजारी ठळक १ टाकला. पुढच्या टप्प्यांना २, ३, ४. वाचता न येणारे बरेच जण आकडे ओळखतात.

दोन चिन्हं मोहात पाडतात, ती टाळावीत. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे आणि जिनिव्हा करार कायदा, १९६० प्रमाणे ते असं वापरता येत नाही. प्रथमोपचारासाठी हिरव्यावर पांढरा क्रॉस घ्यावा. दुसरं, किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह. तो धोक्याचा इशारा आहे, सेवेची पाटी नव्हे. शिवाय अनेकांना तो पंखा वाटतो. क्ष-किरणासाठी छातीचा पिंजरा चालतो, बरगड्या चारच ठेवाव्यात.

रेखाटन २४ × २४ चौकटींच्या जाळीवर केलं. रेषेची जाडी २ घरं, दोन आकारांमधली फट कमीत कमी दीड घर. यापेक्षा कमी फट लांबून भरून जाते. साडी नेसलेली बाई काढताना हेच झालं: पदर आणि हात एकमेकांना चिकटून नुसता खांब दिसू लागला. हात अंगापासून सोडवला, पदराची एकच तिरकी फट ठेवली, तेव्हा आकृती सुटी झाली. बारीक रेषेपेक्षा भरीव आकृती लांबून लवकर ओळखू येते. तपासायची सोपी युक्ती म्हणजे चित्र २० मिमी आकारात छापून दोन मीटरवरून बघायचं. जे तिथे दिसत नाही ते काढून टाकायचं.

पिण्याच्या पाण्याच्या चिन्हाने जास्त छळलं. नळाखाली हात काढला की हात धुणं, नुसते थेंब काढले की गळकी पाइप. नळाखाली अर्धा भरलेला पेला ठेवल्यावर प्रश्न मिटला.

चाचणीत एका कार्डावर एकच चित्र असावं आणि प्रश्न उघडा असावा: ‘ही पाटी दिसली तर आत काय मिळेल?’ ‘हे पाणी वाटतं का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. उलट अर्थाची उत्तरं निराळी मोजावीत. सुरक्षा चिन्हांसाठीच्या अमेरिकी झेड५३५ मानकात किमान ८५ टक्के उत्तरं बरोबर आणि उलट अर्थाची ५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, अशी कसोटी आहे. सेवांच्या पाट्यांनाही ती लावायला हरकत नाही.

रंगावर भिस्त ठेवू नये. वेष्टनांवरच्या मांसाहारी खुणेत तपकिरी ठिपक्याऐवजी त्रिकोण आला तो यासाठीच; रंग न ओळखणाऱ्यालाही आकार कळतो. आमच्या संचात गडद निळ्यावर पांढरं, एवढंच.

चिन्हाच्या उंचीचा अंदाज अंतर भागिले १००: दहा मीटरवरून दिसायचं तर १०० मिमी. मंद उजेडात आम्ही दीडपट केलं. देवनागरी ओळीला वर-खाली मात्रांसाठी जागा लागते, इंग्रजीच्या मापाने पाटी आखली तर उकार कापले जातात.

पाटी ३ मिमी एसीपीवर (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या प्लास्टिकच्या फळीवर) मॅट व्हिनाइल चिकटवून केली. चकचकीत लॅमिनेशनमध्ये ट्यूबलाइट दिसते, चित्र नाही. दाराची पाटी दारावर लावू नये, दार उघडलं की ती भिंतीकडे वळते. कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून साधारण दीड मीटरवर लावावी. डावीकडचा बाण चित्राच्या डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. ‘सरळ पुढे’साठी वर जाणारा बाण जिन्याजवळ मात्र लावू नका, लोक वरचा मजला समजून चढतात.