निसुर्डी कासवर, बोराज दारात

कासचे फोटो टाकले की हमखास कुणीतरी विचारतंच, ती पांढरट निळी फुलं कसली आणि घरी कुंडीत लावता येतील का. तर ती निसुर्डी. खाली बदामाच्या आकाराची मोठी पानं, वर सरळ दांडा आणि त्यावर फिकट फुलं, मधोमध गडद निळसर जांभळी. शास्त्रीय नाव पॅराकॅरिऑप्सिस सीलेस्टिना, कूळ बोराजिनेसी, आणि ती फक्त आपल्या पश्चिम घाटातच सापडते. फुलांचा दांडा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो, तीच या कुळाची मोठी खूण. ओढ्याकाठची भुरुंडी बघा, तिचा पण तसाच. आपण लोणचं घालतो ते भोकर पण जुन्या पुस्तकांत याच कुळात धरलेलं आहे.

पण निसुर्डी घरी लावायची नाही, हे मी अगदी मनापासून सांगतेय. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथलं फूल तोडायला बंदी आहे, आणि ती जांभ्या दगडावरची पातळ माती, ते धुकं, तो चार महिन्यांचा पाऊस आपण गॅलरीत कुठून आणणार? तिच्या बियांना बारीक आकडे असतात, सॉक्सला, पँटला चिकटून येतात, म्हणून यवतेश्वरचा घाट उतरायच्या आधी तिथंच कपडे झाडा आणि बी तिथल्या तिथं राहू द्या.

निळं फूल हवंच असेल तर तिची लांबची बहीण लावा, बोराज. मूळची भूमध्य समुद्राकडची, बी ऑनलाइन पाकिटात मिळतं. आपल्याकडे हिला थंडीच मानवते, त्यामुळे ऑक्टोबर हीट ओसरली, दिवाळी झाली की पेरायचं, मार्चच्या उन्हात झाड जातंच. बी अर्धा इंच खोल आणि थेट जागेवरच टाका, ट्रेमध्ये रोप करून हलवू नका कारण हिचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि ते दुखावलं की रोप खुंटतं. आठवडाभरात उगवतं, मग दोन रोपांत फूटभर तरी अंतर ठेवा. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून मूळ कुजतं, म्हणून वाळू नाहीतर मुरूम मिसळा, ऊन भरपूर द्या आणि युरिया वगैरे अजिबात नको, नुसता पाला वाढतो आणि फुलं कमी येतात. पानांवर टोचरी लव असते, हात लावताना ग्लोव्हज घाला.

दोनेक महिन्यांत फुलं येतात, पाच पाकळ्यांची चांदणी, खाली मान घालून लोंबणारी, उमलताना गुलाबीसर असते आणि मग निळी होते. आणि मधमाश्या! बोराजच्या फुलात मध काढून नेला की थोड्या वेळात परत भरतो, त्यामुळे सातेरी माश्या दिवसभर हलत नाहीत. मला तर वाटतं महाबळेश्वर पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी बांधाला ही लावून बघायला हवी, परदेशात स्ट्रॉबेरीशेजारी बोराज लावायची पद्धत आहेच, सीझन पण जुळतो, आणि मधाचं गाव मांघर तर त्याच तालुक्यात.

पानांना काकडीचा वास येतो, लोक सॅलडमध्ये घालतात, सरबतात फुलं टाकतात. फुलं चार ठीक आहेत पण पानांची भाजी करत बसू नका, त्यात लिव्हरला त्रास देणारे अल्कलॉइड असतात, गरोदर बायकांनी तर टाळावंच.

एका फुलाला चार बिया धरतात, पिकल्या की काळ्या होऊन आपोआप गळतात, म्हणून झाडाखाली जुनं कापड अंथरून ठेवायचं. गळलेलं बी तिथंच राहिलं तर पुढं आपोआप पण उगवतं. साताऱ्यात कुणाला हवं असेल तर सांगा, फेब्रुवारीच्या शेवटाला माझ्याकडे पुष्कळ जमतं, देईन.