माया, मुंढा आणि कुर्त्याची उलटी बाजू

रविवार

घरी शिवलेले सगळे कुर्ते आज उलटे करून पलंगावर मांडले. बाहेरून जुन्या-नव्यात फारसा फरक नाही, पण आतून कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा ते लगेच ओळखू येतं. सुरुवातीच्यांत साध्या टिपेपलीकडे दशा लोंबताहेत, मधल्यांत झिगझॅग आहे आणि नंतरच्यांत सरसकट फ्रेंच शिलाई, म्हणजे दोन टिपांत कच्ची कड आत बंद करणारी. हात बसला की ही लहर येतेच, दिसेल तिथे फ्रेंच शिलाई घालायची. ती सगळीकडे चालत नाही.

तिचं गणित असं. कापडाच्या उलट बाजू समोरासमोर ठेवून कडेपासून दोन सूत (म्हणजे पाव इंच) आत पहिली टीप. मग कड छाटून एक सूत ठेवायची, शिवण इस्त्रीने बसवायची, कापड उलटवून सुलट बाजू आत घ्यायची, पुन्हा इस्त्री आणि दोन सुतांवर दुसरी टीप. एकूण अर्धा इंच खर्ची पडतो, म्हणजे कटिंगच्या वेळीच तेवढा धरलेला हवा. बाहेर बारीक दोरे डोकावत असतील तर पहिल्या टिपेनंतर छाटायचा कंटाळा केला असं समजावं. मलमल, व्हॉइल, केंब्रिक या कापडांवर ती सुंदर बसते. जाड खादीवर मात्र तिचा दोरखंड होतो आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलात, काचतो.

मोठी अडचण बाजूच्या शिवणीला येते. आपल्याकडे कुर्ता असो की ब्लाऊज, बाजूने एक ते दीड इंच माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, सोडायची पद्धत आहे. अंग भरलं, कापड आटलं, कपडा बहिणीला दिला, की एक टीप उसवायची आणि पुढे काम चालू. फ्रेंच शिलाईत ही मायाच उरत नाही. शिवाय कुर्त्याचे कट, म्हणजे बाजूला खाली उघड्या ठेवलेल्या फटी, याच मायेतून दुमडले जातात. फ्रेंच शिलाई कटाशी संपवायची तर तिथे आडवी कात्री मारावी लागते आणि पुढे कुर्ता नेमका तिथेच फाटतो. म्हणून पातळ कापडात खांदा आणि बाहीची शिवण फ्रेंच ठेवावी, बाजूला साधी टीप घालावी. मायेच्या कडा शिवण्याआधीच ओव्हरलॉक कराव्यात किंवा दोन सूत दुमडून टीप मारावी. कट जिथे सुरू होतो तिथे आतून त्याच कापडाचा इंचभर चौकोन लावून आडव्या दोन टिपा घातल्या की तो कोपरा कुर्त्याइतकाच टिकतो.

मंगळवार

फिटिंग. आतली बाजू नीट यायला लागली की मग लक्ष इकडे जातं. ते आधी जायला हवं होतं, पण दशा डोळ्यांना दिसतात आणि मुंढा नुसता जाणवतो.

नेहमीची तक्रार अशी की हात वर केला की अख्खा कुर्ता वर येतो आणि काखेत ओढतो. मुंढा लहान पडला असं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी तो अर्धा इंच खोल कापला जातो आणि त्रास वाढतो. मुंढा जितका खाली, तितकी बाजूची शिवण काखेपासून लांब. मग हात उचलला की ती शिवण आणि तिच्यासोबत सगळा घेर वर ओढला जातो. मुंढा काखेखाली पाऊण ते एक इंचावर असावा आणि मोकळेपणा बाहीच्या रुंदीत द्यावा. दंडाच्या मापात दोन इंच जास्त धरले, बाहीचा वरचा गोल थोडा बसका काढला आणि पाठीची रुंदी पुन्हा मोजली, की हात सहज वर जातो. खोल कापलेला मुंढा दुरुस्त होत नाही. कापड गेलेलं असतं.

बाहीचा गोल आणि मुंढा दोन्ही मापायचे ते टेप कडेवर उभी धरून, नाहीतर वळणावर माप चुकतं. साध्या सुती कुर्त्यात गोल मुंढ्यापेक्षा अर्धा इंच मोठा असला तरी भागतं. एक इंचाच्या पुढे गेला की खांद्यावर चुण्या पडतात, मग इस्त्री कितीही दाबा.

मानेमागे, गळ्याच्या खाली आडवी घडी पडत असेल तर बहुधा खांदे सरळ आहेत आणि कटिंगमध्ये उतार जास्त दिला गेलाय. खांद्याचं बाहेरचं टोक दोन-तीन सूत वर घ्यायचं आणि मुंढाही तेवढाच वर सरकवायचा. घड्या गळ्यापासून काखेकडे तिरक्या येत असतील तर उलटं, म्हणजे खांदे उतरते आहेत आणि उतार वाढवायला हवा. हे सगळं मांजरपाटावर, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडावर, आधी करून बघावं. मीटरभर मांजरपाट घेऊन नुसता वरचा भाग, एका बाहीसकट, कच्च्या टाक्यांनी जोडला तरी पुरतं. त्यावर खडूने खुणा करून त्या ब्राऊन पेपरच्या ड्राफ्टवर लगेच उतरवायच्या. उद्यावर ठेवलं की खुणांचे अर्थ आठवत नाहीत.

गळ्याचं एक. कापलेला गोल गळा म्हणजे बराचसा उरेब (विणीला तिरका), नुसता हाताळला तरी ताणला जातो, आणि घातल्यावर पुढून तोंड वासून बसतो. कापल्या कापल्या, शिवणीच्या रेषेच्या एक सूत बाहेर, मायेतच, एकेरी टीप घालावी. ही टीप खांद्यापासून मध्याकडे, दोन्ही बाजूंनी वेगवेगळी. उरेब पट्टी सव्वा इंच रुंद कापावी आणि वळणावर किंचित ओढून लावावी. सरळ भागावर ओढू नये.

गुरुवार

कापडाचं काम. कंटाळवाणं, पण कपड्याचा निम्मा दर्जा इथेच ठरतो.

सैल विणीचं हातमागाचं सुती कापड पहिल्या धुण्यात ५ टक्के सहज आटतं. ४४ इंचाच्या कुर्त्यात ते सव्वादोन इंच झाले. म्हणून कापड रात्रभर भिजत घालायचं, न पिळता वाळवायचं आणि जरा दमट असताना इस्त्री करायची. अस्तरालाही हाच नियम. काठपदर ब्लाऊजला न भिजवलेलं सुती अस्तर लावलं की पाण्यात पडल्यावर अस्तर आटतं, रेशीम आहे तेवढंच राहतं आणि वरून फुगे येतात. कॉलरच्या आत घालायचा सुती कॅनव्हासही आधी भिजवून घ्यावा.

अजरख किंवा निळीचं कापड मिठाच्या पाण्यात घातल्याने रंग पक्का होतो हा समज जाता जात नाही. विकत घेतलेल्या कापडातला सुटा रंग धुऊनच जातो. पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवावं, आणि त्याला पांढरं अस्तर लावायच्या भानगडीत पडू नये.

मग धागा, म्हणजे कापडाच्या विणीची दिशा. कापडाच्या टोकाला आडवा एक धागा ओढून काढला की सरळ रेष दिसते, तिच्यावर कात्री चालवायची. दुकानात फाडून न देता कापून दिलेलं कापड बरेचदा तिरकं असतं. ते तसंच दुमडून कटिंग केलं तर दोन धुण्यांनंतर बाजूची शिवण पोटावर फिरून येते. ठशाच्या कापडात आणखी एक पेच असतो. नक्षी हाताने ठसवलेली, त्यामुळे ती धाग्याशी समांतर असेलच असं नाही. कुर्त्याच्या उभ्या दिशेला धागा पाळावा. खालच्या घेराला बुट्टी तिरकी दिसत असेल तर तिथे साधी पट्टी जोडावी.

सुई ११ नंबर मलमलीला, १४ केंब्रिक-पॉपलीन आणि मध्यम खादीला, १६ डेनिमला. मलमलीवर १४ लावली की शिवणीच्या कडेने बारीक चुण्या येतात आणि दोष मशीनच्या दोऱ्याच्या टेन्शनला जातो. कापडात शिरताना ठक्-ठक् आवाज यायला लागला की सुई बोथट झाली. टाके सुटायची वाट बघू नये.

शुक्रवार

खिसा. कुर्ता शिवणाऱ्या प्रत्येकीला कधी ना कधी हवासा वाटतो, आणि कट आडवे येतात. कंबर खांद्यापासून साधारण १५ इंचावर, कट २१ वर सुरू. सहा इंचाचं तोंड मधे कसंबसं बसतं, पण पिशवी खाली उतरते आणि कटातून लोंबताना दिसते. कट २४ इंचावर न्यायचा, खिशाचं तोंड १७ ते २३ मधे ठेवायचं आणि पिशवीची पुढची कड कुर्त्याच्या पुढच्या भागाला आतून दोन-चार हातटाक्यांनी अडकवायची. ४४ इंच लांबीत २० इंचाचा कट उरतो, चालायला पुष्कळ. तोंडाच्या पुढच्या कडेत कापडाच्या काठाची (विणतानाच बंद झालेल्या कडेची) अर्धा इंच पट्टी शिवणीत पकडावी. काठ ताणला जात नाही, त्यामुळे फोनच्या वजनाने तोंड लोंबत नाही.

रविवार

जुन्यांचं काय करायचं. सगळे उसवत बसायचं नाही हे नक्की. ज्यांचा नुसता गळा किंवा खालची पट्टी बिघडली आहे ते दुरुस्तीला. ज्यांच्या बाजूला माया आहे ते फिटिंगला. आतून दशा निघाल्यात पण अंगावर छान बसतात, असे दोन-तीन आहेत. त्यांना हात लावायची गरज नाही, कडांना झिगझॅग मारला की पुरे. तिरक्या धाग्यावर कापलेले आणि मुंढा खोल गेलेले मात्र सुधारत नाहीत. त्यातले मऊ झालेले गोधडीला, बरे असलेले पुढच्या अस्तरांना. अस्तर म्हणून ते नव्या कापडापेक्षा सरसच, कारण आटायचं तेवढं आटून झालेलं असतं.

उसवताना सुती कापडात सुईची भोकं एका धुण्यात बुजतात, रेशमात राहतात. म्हणून रेशमी ब्लाऊज सैल करायचा तर जुन्या टिपेची रेघ बाहेर दिसणार हे धरूनच. टक्स (आकारासाठी शिवलेल्या चिमट्या) उसवण्यापेक्षा बाजूची माया सोडावी, ती रेघ निदान हाताखाली झाकली जाते. रेशमाचं फिटिंग त्याच्या अस्तरावरच आधी करून घ्यावं आणि ते मनासारखं बसल्याशिवाय रेशमाला कात्री लावू नये.