अप्पांचं मीठ

आज सकाळी वजनकाट्यावर अप्पा उभे राहिले आणि दोन दिवसात दीड किलो वाढलेलं, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतोय. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, पंप कमजोर झालाय म्हणून पाणी साठतं, हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. पण वाढलं कशामुळे? आई म्हणे मी तर भाजीत मीठ नावालाच घालते. मग डबे उघडले तर उडदाच्या पापडाचा डबा अर्धा रिकामा 😀 आजोबा-नातू दुपारी भाजून खात होते म्हणे, "पापडात कुठे मीठ असतं गं!" अहो अप्पा मीठ आणि वर पापडखार, तोपण सोडियमच!

डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी लघवीच्या गोळीचा डोस बदलून दिला, आणि मी हौसेने आणलेलं लो सोडियम मीठ परत ठेवायला लावलं कारण त्यात पोटॅशियम असतं आणि अप्पांच्या गोळ्यांनी ते आधीच वाढतं. मला वाटत होतं मी फार हुशारी केली.

पाणी दिवसाला दीड लिटर, त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरून. सकाळी बाटली भरून ठेवतो आणि जेवढा चहा झाला तेवढं पाणी त्यातून ओतून टाकतो. संध्याकाळी अळणी पिठल्यात लिंबू, लसूण, हिरवी मिरची जरा जास्तच घातली, अप्पा दोन घास खाऊन म्हणाले, "बरंय. पापड नाही का?"