प्यादे देऊन वेळ घेणारे डाव

बुद्धिबळातल्या गॅम्बिटविषयी, म्हणजे सुरुवातीलाच मुद्दाम प्यादे देऊन खेळायच्या डावाविषयी, बोलताना पुष्कळ जण त्याग, धाडस, बेफिकिरी असे शब्द वापरतात आणि त्या शब्दांमागे या डावांतला हिशेब झाकला जातो, असे मला वाटते. गॅम्बिट खेळणारा प्यादे देतो, ते वेळ विकत घेण्यासाठी, म्हणजे आपली मोहरी प्रतिस्पर्ध्याच्या आधी कामाला लावण्यासाठी.

जुन्या नावाजलेल्या गॅम्बिटांपैकी एक राजाचा. स्पेनमधील धर्मगुरू रुय लोपेझ यांच्या १५६१ सालच्या ग्रंथात त्याची चर्चा आहे. राजाच्या उंटापुढचे प्यादे देऊन पांढरा काळ्याचे मधले प्यादे बाजूला ओढतो. त्यामुळे पटाचा मध्य त्याला मिळतो आणि पुढे हत्तीसाठी रस्ता मोकळा होतो, मात्र स्वतःचा राजाही उघडा पडतो. १८५१ मध्ये लंडनला अँडरसन यांनी किझेरित्स्की यांच्याविरुद्ध याच गॅम्बिटमध्ये एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीर देऊन मात केली. ‘अमर डाव’ म्हणून तो आजही दाखवला जातो.

माझे मन मात्र इव्हान्स गॅम्बिटवर आहे. वेल्समधील जहाजाचे कप्तान विल्यम डेव्हिस इव्हान्स यांनी तो १८२०च्या दशकात शोधला. इटालियन पद्धतीने दोन्ही बाजूंचे घोडे आणि उंट बाहेर आले, की चौथ्या खेळीत पांढरा बी स्तंभातले (त्याच्या डावीकडून दुसऱ्या उभ्या ओळीतले) प्यादे दोन घरे सरकवून काळ्याच्या उंटापुढे ठेवतो. उंटाने ते खाल्ले, की शेजारचे सी प्यादे एक घर पुढे येऊन त्याच उंटाला हुसकावते आणि लगेच डी प्यादे मध्यात उतरते. प्याद्याने काय विकत घेतले, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा डाव मला ठाऊक नाही.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर रविवारी शेजारची मुले पट मांडून बसतात. परवा एका मुलीने काळ्या मोहऱ्यांनी हाच गॅम्बिट स्वीकारला आणि पाठोपाठ आणखी दोन प्यादी खाल्ली. तोवर पांढऱ्याचा किल्लेकोट झाला होता, म्हणजे त्याचा राजा हत्तीच्या आडोशाला सुरक्षित गेला होता, त्याचा वजीर तिच्या राजाशेजारच्या एफ ७ घरावर रोखलेला होता, आणि तिचा राजा मधोमध अडकला होता. “एक प्यादे परत देऊन टाक,” असे मी सुचवले, तर ती म्हणाली, “काका, मिळालेलं परत कशाला द्यायचं?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला खेळाडूंना बरीच वर्षे लागली. १८८६ मध्ये पहिले अधिकृत विश्वविजेते ठरलेल्या स्टाइनिट्झ यांनी शिकवले, की दिलेले प्यादे खुशाल घ्यावे, नीट बचाव करावा आणि हल्ला योग्य पायावर उभा नसेल तर तो फसणारच असा विश्वास ठेवावा. त्यांच्यानंतरचे विश्वविजेते लास्कर यांनी इव्हान्सविरुद्ध याहून सोपी वाट लोकप्रिय केली: उंट मागे बी ६ वर घ्यायचा, मिळालेले प्यादे परत करायचे, वजिरांची मारामारी होऊ द्यायची आणि पांढऱ्याच्या सुट्या पडलेल्या प्याद्यांवर नजर ठेवून शांत अंतिम डावात उतरायचे. हल्ल्याचा जोरच त्यात निघून जातो. तरीही १९९५ मध्ये रीगा येथे कास्पारोव्ह यांनी इव्हान्स खेळून आपल्या विश्वनाथन आनंद यांना २५ खेळ्यांत हरवले. जुना हिशेब तयारीने मांडला, तर तो अजूनही जमतो.

ही सगळी चर्चा वेळेची झाली, कारण या गॅम्बिटांमध्ये मिळालेली आघाडी लवकर वापरली नाही तर ती विरते. बेन्को गॅम्बिटचे तसे नाही, आणि म्हणूनच तो मला विचारांच्या दृष्टीने सर्वांत पुढचा वाटतो. त्यात काळा वजिराच्या बाजूचे प्यादे देतो आणि त्याच्या हत्तींना ए व बी हे दोन मोकळे स्तंभ मिळतात. घाईचा हल्ला कुठेच नसतो. वजीर पटावरून गेल्यानंतरही तो दाब टिकतो, आणि एक प्यादे जास्त असलेला पांढरा अंतिम डावातही आपल्या मागे राहिलेल्या प्याद्यांची राखण करत बसतो.